आईने गिअर बदलून घेतला

प्रिय चिमणे,

खांद्याचं प्लास्टर निघालं का? आधी खाली बस, मग पुढचं वाच. मी स्वतः अजून सावरलेलो नाही.

सायकलवरचा पोलो खेळताना पडलीस, हाड मोडलं, आणि फोनवर म्हणालीस, "ती जुनी सायकल विकून टाका, मला सायकलचं तोंडसुद्धा बघायचं नाही. आणि कोणी भेटायला येऊ नका." म्हणून तुझी इथे ठेवलेली सायकल घेऊन मी दुकानात गेलो. भाजी घ्यायची म्हणून आईही सोबत होती. दुकानदाराने सायकल उलटी करून पायडल फिरवलं आणि मान हलवली. म्हणाला, "काका, ही मैदानातली. चेनची पुढची दातेरी चकती लहान, मागची मोठी. चटकन सुटते, गर्रकन वळते, पण रस्त्यावर पाय नुसते भिरभिरतील आणि अंतर काही कापलं जाणार नाही. कोण घेणार?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "मग पुढची मोठी बसवा, मागची लहान. चेन वाढवावी लागेल. आणि काठी धरायला एक हात मोकळा हवा म्हणून ब्रेक एकाच बाजूला आहे, तो दोन्हीकडे करा."

मी वळून पाहिलं. तुझी आई! हातात मेथीची जुडी. दुकानदाराने विचारलं, "कोणासाठी?" तर म्हणते, "माझ्यासाठी. लांब जायचंय." हीच बाई तुला म्हणायची ना, सायकलवर काठी घेऊन उंडारतेस, दात पडतील एक दिवस?

चार दिवसांनी सायकल तयार झाली. तिने पिशवी माझ्या हातात दिली, टांग टाकली आणि गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झाली. मी मागून "अगं, अगं" करत धावलो. दुकानदार पोट धरून हसत होता. परत आली तेव्हा चेहरा लालबुंद, श्वास फुललेला, आणि अशी हसत होती की संसाराची इतकी वर्षं झाली तरी ही बाई मी पहिल्यांदाच बघतोय असं वाटलं. म्हणाली, "लग्नाआधी कारखान्यात रोज सायकलनेच जायचे. नदीपलीकडे. तुम्ही कधी विचारलंत?"

तेव्हापासून रोज पहाटे जाते. सुरुवातीला चढावर दम लागायचा, उतरून ढकलायची. मग मागची चकती एका दात्याने मोठी करून घेतली, म्हणजे चढ सोपा जातो. आता पुलापर्यंत जाऊन येते आणि वर मलाच विचारते, चहा झाला का?

काल जेवताना भात वाढता वाढता म्हणाली, "पोरगी पडली आणि घाबरून बसलीय. फोनवर समजावून ऐकणार आहे का ती? मी जाऊन दाखवते." मी म्हटलं, बसने जाऊ. ती उठून सायकलच्या चाकांत हवा भरायला गेली.

चिमणे, ती शनिवारी निघतेय, त्याच सायकलवरून. रात्री मावशीकडे मुक्काम, रविवारी संध्याकाळी तुझ्याकडे. तुला फोन करायचा नाही अशी शपथ घातलीय मला. पत्राबद्दल काही बोलली नाही, म्हणून घाईघाईने हे लिहितोय. येऊ नका म्हणाली होतीस, माहीत आहे. तरी दार उघड. रागावू नकोस, आधी पाणी दे. तिचे कपडे घेऊन मी बसने येतोय. माझी बस आधी पोचेल, पण मी स्टँडवरच बसून राहीन. तुझ्या दारात पहिल्यांदा तीच पोचायला हवी.

तुझाच, अजून गोंधळलेला,
बाबा