बाबांच्या नावाखाली

उपोलू बेट, जून १९१९

फुआतिनोताईस धाकट्या लाफाएलेचा नमस्कार.

आम्ही बरे आहोत, खोकलाही गेला. अळकुड्या भरपूर आल्यात, खाणारेच कमी उरलेत.

तू विचारतेस, बाबांच्या मयताला मानाच्या किती चटया आल्या, भाषण कोणी केलं. ताई, कसल्या चटया! त्या बोटीनं तापाची साथ आणली आणि आठवडाभरात गावातले तिन्ही भाषण करणारे बाबांबरोबर एकाच खड्ड्यात गेले. तुमच्या बेटावर बोट लागूच दिली नाही, म्हणून तुला हे असलं सुचतं. राग मानू नकोस.

काल गावसभेत शेजारच्या सेफोनं बाबांची प्रमुखपदाची गादी मागितली. तुझ्यामाझ्या घराण्याची वंशावळ म्हणून दाखवली आणि आपल्या पणजीच्या जागी चक्क स्वतःची पणजी घुसवली! वर म्हणतो, "खोटं वाटत असेल त्यानं खरी म्हणून दाखवावी." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला पहिली चारच नावं येतात. बाबा ओरडायचे ना, "लाफाएले, कानात खोबरं भरलंय का?"

तू मात्र त्यांच्याशेजारी माशा वारत बसायचीस. तुला सगळी पाठ आहे.

वंशावळ कागदावर उतरवायची नसते, ठाऊक आहे मला. पण तुमच्याकडून अजून माणसं येऊ देत नाहीत, टपाल तेवढं येतं. साबण, बिस्किटं नकोत, नावं पाठव. आणि बाबांच्या नावापाशी थांबू नकोस. त्याखाली माझं लिही. मी अजून जिवंत आहे, हे सेफोला दिसू दे.

खोबरं भरल्या कानांचा तुझा भाऊ,
लाफाएले