सुट्टीचा कागद

माय, मला तुझा राग आला आहे. बाबांचा आहे, त्या दवाखान्याचा आहे, तिथल्या चष्मेवाल्या डॉक्टरचा आहे, पण सुरुवात तुझ्यापासून करते, कारण जिवंत असताना तू मला कधी उलट बोलू दिलं नाहीस. मी आता नर्स आहे, हे तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते आणि तुझ्या डोक्यात मला मास्तरीण करायचं होतं. मी एका मोठ्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात असते. लकवा मारलेल्या बाया आमच्याकडेच येतात. केळापूरकडच्या, घाटंजीकडच्या, कापूस वेचता वेचता पडलेल्या, चुलीपुढे पडलेल्या. तोंड वाकडं, एक हात लोंबकळत, आणि मागे घाबरलेली एक पोरगी, जिला कुणी काहीच सांगितलेलं नसतं.

तुला सांगितलं होतं. तू खिचडी शिजवायचीस त्या शाळेत तपासणीचं शिबिर झालं, तेव्हा तिथल्या ताईंनी तुझ्या दंडाला पट्टा बांधून दोनदा बीपी मोजलं आणि म्हणाल्या, गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची. तू महिनाभर घेतलीस आणि मग पाकीट मिठाच्या डब्यामागे सारून दिलंस. मला ते सापडलं तेव्हा मी विचारलं, तर तू भाकरी थापत थापत माझ्यावरच उखडलीस. "गोया खाल्ल्या का मले गरगरते. मले काय धाड भरली? दीडशे लेकरायची खिचडी एकटी उतरवतो मी. तुले शाळंत धाडलं ते मायले शिकवाले काय?" तुझ्यापुढे सगळेच गप्प बसायचे. शाळेत मुख्याध्यापकसुद्धा तुला विचारून घंटा वाजवायचे, कारण खिचडी शिजली की नाही ते तूच सांगायचीस.

त्या दिवशी तांदूळ निवडणारी बाई आली नव्हती म्हणून ते काम करायला मी तुझ्याबरोबर शाळेत आले होते. सकाळचे दहा वाजले असतील. तू मोठ्या गंजात डाळ टाकतेस, झारा फिरवतेस, आणि झारा हातातून सुटून चुलीत पडतो. मला वाटतं भाजलं. तू वाकून झारा उचलायला बघतेस, पण उजवा हात ऐकत नाही, आणि तू त्या हाताकडे असं पाहतेस जसा तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग तू काहीतरी बोललीस. शब्द नव्हते, नुसता आवाज होता. दारात ताटल्या घेऊन उभी असलेली लेकरं हसली. त्यांना वाटलं तू त्यांना हसवायला तोंड वेडंवाकडं करून राह्यली आहेस.

मुख्याध्यापकांनी तुला व्हरांड्यात निजवलं आणि बाबांना शेतातून बोलावलं. दवाखान्याकडे जाणारी काळी-पिवळी जीप शाळेच्या फाट्यावर उभी होती. मी म्हटलं, बाबा, दवाखान्यात नेऊ. बाबा म्हणाले, "आंगावरून वारं गेलं तिच्या. दवाखान्यात काय करतात? सलाईन लावून ठेवतात. मुकुटबनकडं एक मानूस हाय, त्याच्या मालिशनं लोकं उठून चालले." मी पुन्हा म्हटलं, तर म्हणाले, "तू गप राय. तुले काय समजते?" आणि तीच गाडी दवाखान्याकडे जायची ती उलट्या दिशेला वळली. त्या माणसाने कबुतर कापून त्याचं रक्त तुझ्या हातापायाला चोळलं. तू डाव्या हाताने त्याला ढकलत होतीस. माय, तू तेव्हा शुद्धीत होतीस. तुला सगळं कळत होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि मी तुझा डावा हात धरून ठेवला, कारण बाबांनी धर म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपण मोठ्या दवाखान्यात पोचलो. तो चष्मेवाला डॉक्टर बाबांवर सगळ्या वॉर्डादेखत ओरडला. "इतका उशीर का केला? पहिल्या काही तासांत आणायचं असतं. आता गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचा काही उपयोग नाही." बाबा हात जोडून उभे राहिले. मी आज अशाच डॉक्टरांच्या शेजारी उभी असते, म्हणून मला माहीत आहे की तो खरं बोलत होता, आणि म्हणूनच राग जास्त येतो. कोणत्या गावात, कोणत्या भिंतीवर लिहिलं होतं की लकवा मारला तर घड्याळ बघायचं असतं? पोलिओचा डोस कधी आहे ते भोंग्यावरून सांगत फिरायचे. हे कधी कुणी सांगितलं? आणि आपण त्याच सकाळी आलो असतो तरी काय मिळालं असतं, तेही मला आता माहीत आहे. डोक्याचा फोटो पाहिल्याशिवाय ते इंजेक्शन देता येत नाही, आणि फोटो काढायची मशीन त्या आठवड्यात बंद होती. तुझा फोटो बाहेरून, भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काढून आणला आपण. ओरडताना हे त्याने सांगितलं नाही.

सहा दिवस तू तिथे होतीस, पहिले दोन जमिनीवरच्या गादीवर. एवढ्या वॉर्डाला एक सिस्टर. ती सुई टोचायची, बाटली बदलायची आणि पुढे जायची. तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही, कारण आता ती मीच आहे. सातव्या दिवशी सकाळी डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "सुट्टी देतोय. गोळ्या चालू ठेवा, व्यायाम करून घ्या." बाबांनी विचारलं, "कोनता व्यायाम साहेब?" तोवर तो पुढच्या पलंगापाशी गेला होता. सुट्टी म्हटल्यावर बाबांना वाटलं तू बरी झालीस. त्यांनी घरी आल्यावर देवापुढे नारळ फोडला.

आणि मग घरी मी तुला मारलं. हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. तुला आडवं निजवून मी तुझ्या तोंडात चहा ओतायचे, पातळ वरण ओतायचे. तू खोकायचीस, डोळे पांढरे व्हायचे, तू वाटी ढकलून द्यायचीस. मला वाटायचं हा तुझा जुना हट्ट. मी म्हणायचे, "खाय न माय, नखरे नोको करू." आत्या म्हणायची, पातळ कर अजून, म्हणजे सरकन उतरेल. मी पातळ केलं. पाठीला जखम झाली, तिथे हळद भरली. दीड महिन्यात तुला ताप भरला, छाती घरघरायला लागली, आणि चार दिवसांत तू गेलीस.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला मॅडमनी हे शिकवलं, एका तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत. लकव्याच्या पेशंटला गिळता येतं का ते आधी बघायचं. उठवून बसवून भरवायचं, हनुवटी खाली, छोटा घास, पातळ नाही, घट्ट. नाहीतर अन्न फुप्फुसात जातं. दर दोन तासांनी कूस बदलायची. बाकीच्या पोरी वहीत लिहून घेत होत्या. मी बाकावरून उठले आणि बाहेर नळावर जाऊन उलटी केली. चार वाक्यं होती, माय. सहा दिवसांत चार वाक्यं सांगायला कुणाला वेळ झाला नाही. आणि त्या दवाखान्याच्या वहीत तुझ्या नावापुढे काय लिहिलं असेल ते मी डोळे मिटून सांगते: सुट्टी. म्हणजे तू त्यांच्या हिशोबी जिवंत गेलीस. तुझ्यासारख्या जितक्या बाया घरी जाऊन दोन-तीन महिन्यांत मेल्या, त्या सगळ्या वहीत बऱ्या होऊन गेल्या आहेत. परत फोन करून कुणी विचारत नाही.

आज हे लिहायला बसले, कारण परवा एका म्हातारीची सुट्टी होती. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. तिची पोरगी कागद हातात घेऊन मला विचारते, "आता घरी नेऊन काय करू जी म्याडम?" नवा डॉक्टर मागून ओरडला, "सिस्टर, झालं का? बाहेर स्ट्रेचरवर पेशंट आहे, बेड पाहिजे." मी पोरीच्या हातातून तो कागद काढून घेतला. म्हटलं, अर्धा तास हा बेड मिळणार नाही. तो म्हणाला, मी वर सांगेन. मी म्हटलं, "सांगा. तुम्हाला बेड पाहिजे, तिला माय पाहिजे." मी वॉर्डात एवढ्या जोरात कधी बोलले नव्हते. मग म्हातारीला उशा लावून बसवलं, माझ्या डब्यातला घट्ट वरण-भात पोरीच्या हाताने चमच्याने भरवून घेतला, चुकली तिथे तिचा हात धरला. कूस कशी बदलायची ते तीनदा करून घेतलं. आज फोन केला. पोरगी म्हणाली, पहिल्या दिवशी खोकली, आता नाही खोकत. डाव्या हातानं मले चापट मारली तिनं. मी म्हटलं, मारू दे. डॉक्टरने खरंच वर सांगितलं आहे, उद्या मला खुलासा द्यायचा आहे. मला भीती नाही. एका वॉर्डात एकटी मी किती जणींना बसवून शिकवणार, याचा संताप आहे. काल तिघींची सुट्टी माझी ड्युटी नसताना झाली. त्यांना कुणी काही सांगितलं नसणार.

बाबा आता माझ्याकडेच राहतात. त्यांची बीपीची गोळी मी समोर उभी राहून घ्यायला लावते. कबुतराबद्दल आम्ही बोलत नाही. हे पत्र मी त्यांना वाचून दाखवणार नाही, आणि तुला तर पाठवायला जागाच नाही.

एक मात्र अजून सांगायचं राहिलं, तेवढं लिहिते आणि फाडून टाकते. तुला स्मशानात नेलं त्या दुपारी अंगणात बाया रडत होत्या आणि मी आतल्या खोलीत जमिनीवर पडले होते. सगळ्यांना वाटलं, पोरगी दुःखानं बेशुद्ध पडली. आत्याने तोंडावर पाणी मारलं. मी बेशुद्ध नव्हते, माय. मी झोपले होते. दीड महिन्यात पहिल्यांदा गाढ झोपले होते, आणि उठवलं म्हणून मला आत्याचा राग आला. लोक बेशुद्ध म्हणाले, मी तसंच म्हणू दिलं.