न हललेला खांदा

नांदे, दसऱ्यानंतरचा रविवार, संध्याकाळ



सकाळी बावधनकडच्या रेंजवर बाबांच्या रायफलीवर सराव करत होते. तिसऱ्या गोळीला बार झालाच नाही, नुसतं फुस्स. वाटलं, काडतूस फुसकं निघालं. बोल्ट ओढून दुसरं भरलं, बोट चापावर ठेवलं, आणि मागून दगडूकाका ओरडले, "थांब पोरी!"

काका कासारसाईचे, रेंजवर बंदुका दुरुस्त करतात. ऐकू इतकं कमी येतं, की चहाचंसुद्धा दोनदा विचारावं लागतं. त्यांनी नळीत सळई घातली, ती अर्ध्यातच अडली. गोळी आत रुतून बसली होती. पुढची तिच्यावर आदळली असती आणि नळी माझ्या तोंडापाशी फुटली असती.

माझ्या उरलेल्या काडतुसांवर बोट फिरवून काका म्हणाले, "आतली दारू तेलकट झालीया. काडतुसांना त्याल कुणी लावलं?"

मीच! खंडेनवमीला रायफल पुसून तेल दिलं, मग काडतुसं तेवढी कोरडी कशी ठेवायची? त्यांनाही तेलाचं बोट फिरवलं, वर कुंकू. किती भक्तिभावानं केलं होतं सगळं!

पण काकांना कळलं कसं? ते फुस्स त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. विचारलं, तर म्हणाले, "ऐकतुया कोण? तुजा खांदा हालला न्हाई."

बार झाला की रायफलीच्या धक्क्यानं खांदा मागे हलतोच. दहा जणांच्या रांगेत एक खांदा हलला नाही, आणि तो या माणसाला दिसला.