मानेचा पट्टा आणि माझे तिखट कान

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? इकडची खबर अशी की एक मानेचा पट्टा, दोन लाकडासारख्या उशा आणि अकरा दिवस हिला साधं भांडंही उचलू न दिल्याचा जाच (तिला, मला नव्हे), ही एका शब्दाची खरी किंमत निघाली.

पंपांच्या जळक्या मोटारी नव्या तारेने बांधून वर आलेला माणूस मी. रस्त्यापलीकडचा पंप ऐकून बेअरिंग गेलंय की बुश, ते सांगतो. माझ्या कानांशी पैज लावायला बाजारात कोणी तयार नसतं. तर हिच्या तपासणीचा निकाल सांगताना डॉक्टरीणबाईंच्या तोंडून 'सर्व्हायकल' निघालं, ते मी बरोबर पकडलं. सर्व्हायकल म्हणजे मान, हे शेंबडं पोरही सांगेल. (आमच्या शेजारच्या मास्तरांना तेच आहे. हाक मारली की अख्खे वळतात.) वाटेतच पट्टा घेतला. हिने तो हातात धरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बरं सुचलं तुम्हाला." मला वाटलं, कौतुक. तिला वाटलं, चारचौघांत त्या जागेचं नाव नको म्हणून मी मान पुढे केली. मग तीही शेजारणींना मानच सांगू लागली, आणि माझी उरलीसुरली शंका फिटली.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरने विचारलं, "पॅड आणलेत का?" मी पट्टा पुढे केला. म्हटलं, आत चांगला फोम आहे. ती पट्ट्याकडे बघे, मी तिच्याकडे.

"काका, हा कुठे लावणार?"

"मानेला."

"मान ठणठणीत आहे हो त्यांची. गर्भाशयाच्या तोंडाचं ऑपरेशन आहे."

ताई, मान गेली, तोंड आलं, आणि ते तोंडही तोंडात नव्हतं. शेवटी तिनेच मला बाकावर बसवून सांगितलं की तिथल्या पेशी बिघडू लागल्यात. कॅन्सर नाही, पण तशाच ठेवल्या तर पुढेमागे होऊ शकतो, म्हणून बारीक तारेच्या कड्यातून वीज सोडून तेवढाच भाग कापून काढायचा. तार आणि वीज म्हटल्यावर जरा आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. मी तारेचा गेज विचारला. तिने दार लावून घेतलं. पुढची वीस मिनिटं त्या दारापलीकडचं मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. कॅन्सर हा शब्द तेवढा ऐकू येत राहिला.

ही दुपारीच घरी आली. काढलेला तुकडा तपासला, कडा स्वच्छ निघाल्या. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं.

तुझा,
धाकटा

ता. क. हिला दुखत-खुपत काही नव्हतं. नुसत्या तपासणीत सापडलं. तू बावन्नची झालीस आणि ती तपासणी एकदाही केली नाहीस, असं ही म्हणते. सोमवारी तुझा नंबर लावलाय. "मला काय धाड भरलीय" हे डॉक्टरीणबाईंना ऐकव, मला नको. ही सोबत येईल.

आणखी एक ता. क. निकालाच्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून, कागदावर चित्र काढून, दहा मिनिटं सगळं समजावलं होतं म्हणे. मी त्यांच्या पंख्याचं बेअरिंग ऐकत होतो.