मोटरच्या खोलीतले कुलूप

काल मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास लिफ्ट निरीक्षक बाईंनी आमच्या बाहेरच्या खोलीत बसून मला सांगितले, की एकोणीस वर्षांपूर्वी ज्या अपघातात माझा डावा पाय गेला, तो माझ्याच चुकीने झाला. त्यांनी नुसते सांगितले नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पितळी कुलूप माझ्यासमोर टेबलावर ठेवले. त्याला अडकवलेल्या पत्र्याच्या पाटीवर माझे अक्षर होते: 'माणूस आत आहे. स्विच चालू करू नये.' खाली त्या दिवसाची तारीख आणि माझी सही. बाईंनी कुलपात थोडे तेल सोडले. मी गळ्यातली किल्ली काढून लावली. ती फिरली.

म्हणून मी, निवृत्त लिफ्ट मेकॅनिक, वय वर्षे सदुसष्ट, आज बुधवारी हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मी शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी सकाळी तपासून तसा दाखला दिला आहे आणि तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. सात वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात 'माझ्या धाकट्या भावाने माझ्या प्रेताजवळही येऊ नये' असे एक वाक्य होते. ते मी वेगळे नमूद करून रद्द करतो.

१. घरादाराआधी हे लिहिण्याचा आग्रह माझा आहे. वकीलसाहेब म्हणाले, "अहो, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, चुका नाही." मी म्हणालो, "आधी हे घ्या, मग घर. नाहीतर मी उठलो." ते हसले आणि नवा कागद घेतला.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरायचे असेल तर आधी वर जाऊन मुख्य स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवायची. ज्याचे कुलूप, त्यानेच काढायचे. मग बटण दाबून पाहायचे. लिफ्ट हलली नाही की मगच उतरायचे.

ती एका गोदामाची चार मजली इमारत होती. मालाच्या दोन लिफ्ट होत्या, एक चालू आणि एक कित्येक वर्षे बंद पडलेली. गच्चीवर शेजारी शेजारी दोन खोल्या. चालू लिफ्टची मोटर उजव्या खोलीत होती, पण तिचा स्विच कोणीतरी नंतर डाव्या खोलीत नेला होता. उजव्या खोलीतल्या कपाटात होता तो बंद लिफ्टचा स्विच. माझा भाऊही लिफ्ट मेकॅनिक, आम्ही जोडीने काम करत असू; तो आदल्या आठवड्यात तिथे येऊन गेला होता. अपघाताच्या सकाळी जिना चढताना तो मला म्हणाला, "दादा, इथं उलटं आहे हं. मोटर एका खोलीत, स्विच शेजारच्या." मी म्हणालो, "तू मला शिकवणार का आता?" आणि सवयीने मोटरच्या खोलीत जाऊन, कपाट उघडून, मोटरशेजारच्या स्विचला कुलूप घातले. कपाटाचे दार लोटून खाली आलो.

मी बटणही दाबले होते. लिफ्ट हलली नाही. ती का हलली नाही, हे काल बाईंनी जुन्या फायलीतला हमालाचा जबाब वाचून दाखवला तेव्हा मला कळले. तिसऱ्या मजल्यावर हमालाने लिफ्टच्या दारात खोके ठेवले होते, आणि दार उघडे असेल तर लिफ्ट चालत नाही. मी खड्ड्याच्या वेगळ्या दाराने खाली उतरल्यावर त्याने खोके उचलले. दार लागले आणि मीच दाबलेल्या बटणामुळे लिफ्ट खाली आली.

२. माझ्या भावाविषयी. माझे ओरडणे ऐकून तो चार मजले धावत गच्चीवर गेला आणि त्याने खरा स्विच पाडून वीज तोडली. त्यामुळे पाय गेला तरी माझा जीव राहिला. पण गोदामाच्या राखणदाराने त्याला स्विचवर हात असलेला पाहिले. त्या स्विचवर माझे कुलूप नव्हते. किल्ली माझ्या गळ्यात आणि कुलूप गायब. मी दवाखान्यात पडल्या पडल्या हिशेब जुळवला, की भावाने घाईत माझे कुलूप तोडून लिफ्ट चालू केली आणि तुकडे फेकून दिले.

चौकशीत भाऊ एकच सांगत राहिला, "दुसरी खोली बघा." तेव्हाचे निरीक्षक माझ्या खाटेपाशी आले. त्यांनी दोन प्रश्न विचारले. दुसऱ्या खोलीत चुकून कुलूप लावले असेल का? मी म्हणालो, "साहेब, मी बावीस वर्षं हे काम करतोय." भावाने त्या सकाळी काही बजावले होते का? मी म्हणालो, "नाही."

हे 'नाही' खोटे होते. मला आठवत होते. आपण बरोबरच होतो, मग ते सांगून काय करायचे, असे मी स्वतःला समजावले. कपाट कोणी उघडले नाही. भावाचा परवाना गेला. इमारत मालकांच्या भांडणात कोर्टाने सील केली, ती आता पाडायला काढली तेव्हा कुलूप सापडले. आता निरीक्षक बाई माझा जबाब नव्याने घेणार आहेत.

बाई कुलूप ठेवून हात धुवायला आत गेल्या, तेव्हा मी काय केले तेही लिहितो. मी ते उचलून खुर्चीच्या उशीखाली सारले. बाई परत आल्या आणि टेबलाकडे बघून म्हणाल्या, "काका, कुलूप?" मी ते काढून दिले. ज्याने पाय गेल्यावर अकरा वर्षे लिफ्ट प्रशिक्षण केंद्रात सचोटी शिकवली, तो हा माणूस.

३. त्या केंद्राविषयी. अपघातापूर्वी धंद्यातले लोक मला 'शीळवाला' म्हणत. मी खड्ड्यात काम करताना शीळ घालायचो, म्हणजे वरच्याला कळावे की खालचा जिवंत आहे. कोणी चुकला तर त्याला चहा पाजून मग चूक दाखवायचो. पाय गेल्यावर लोक मला 'पोलाद' म्हणू लागले. मला तो मान वाटला. मी लोकांच्या चुका शोधत हिंडू लागलो. दर नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी मी लाकडी पाय काढून टेबलावर ठेवायचो आणि सांगायचो, "हा माझ्या सख्ख्या भावाचा पराक्रम." दोन-तीनशे माणसांनी ते ऐकले आहे. माणूस दुःखाने शहाणा होतो असे मी त्यांना शिकवले. मी दुःखाने फक्त कठोर झालो होतो, आणि ते दोन्ही एकच आहे असे धरून चाललो. आई भावाकडे आजारी होती, तिने तीनदा निरोप पाठवला. तो घरात असेपर्यंत येणार नाही, असे मी कळवले. ती गेली.

माझी सूचना: कलम १ आणि २ केंद्रातील प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी वाचून दाखवावे. माझे नाव गाळू नये. माझी सगळी अवजारे केंद्राला द्यावीत. मात्र त्यातला लाल मुठीच्या पान्यांचा संच भावाचा आहे. अपघातानंतर मी तो त्याच्या पिशवीतून काढून घेतला होता. तो वारसाहक्काने दिलेला समजू नये. त्याची वस्तू त्याला परत.

४. माझ्या पुतणीविषयी, म्हणजे भावाच्या मुलीविषयी. ती शाळेत शिक्षिका आहे. तेरा वर्षांपूर्वी तिचे लग्न ठरल्याचे कळले, तेव्हा मी मुलाच्या वडिलांना निनावी पत्र लिहिले, की या मुलीच्या बापाने सख्ख्या भावाला मारायचा प्रयत्न केला होता. डाव्या हाताने लिहिले. लग्न मोडले. तिने पुढे लग्न केले नाही. ते पत्र मी लिहिले होते, दुसऱ्या कोणीही नाही.

हे कलम वकीलसाहेब मोठ्याने वाचत असताना माझी पत्नी तिथे बसली होती. तिने ते पहिल्यांदाच ऐकले. ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "अजून काही आहे का? असेल तर आत्ताच सांगा. पुन्हा पुन्हा ऐकायचं बळ नाही माझ्यात."

मी म्हणालो, "नाही."

"हे 'नाही' कुठलं? दवाखान्यातलं की खरं?"

"खरं."

"बरं. मग माझंही ऐका. मी दर महिन्याला बहिणीकडे जाते ना? बहिणीकडे नाही जात, तुमच्या भावाकडे, भावोजींकडे जाते. एकोणीस वर्षं जातेय. ते पंखे दुरुस्त करतात दुसऱ्याच्या दुकानात. कुठं लिफ्ट असेल तर जिन्यानं जातात."

इतकी वर्षे मी तिला बसथांब्यापर्यंत सोडायला जात होतो.

५. राहते घर, म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि न्हाणीघर, माझ्या पश्चात पत्नीचे. तिच्या पश्चात पुतणीचे, तिला हवे असेल तरच. नको म्हणाली तर कोणी समजूत घालू नये. बँकेतली ठेव पत्नीची. आधी मी घर थेट भावाला लिहिणार होतो. वकीलसाहेब म्हणाले, "उत्तम. सगळं मिटलं." पत्नी म्हणाली, "घर देऊन तोंड चुकवताय?" मी ते खोडले.

६. जुना लाकडी पाय जाळावा. नवा पाय चांगला आहे, तो सरकारी रुग्णालयाला द्यावा, कोणाला तरी लागेल. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याचा माझ्या उंच स्टुलावर फार दिवसांपासून डोळा आहे. पण तो साक्षीदार म्हणून सही करणार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे कळते. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "काका, मग सही दुसऱ्याची घ्या की!" शेवटी स्टूल मी त्याला आजच देऊन टाकले आहे. ते या मृत्युपत्रात धरू नये.

७. या कागदाची वाट कोणी माझ्या मरणापर्यंत पाहायची नाही. हे पत्नीमुळे ठरले. तिने वकीलसाहेबांना विचारले, "हे उघडणार कधी?"

"यांच्या पश्चात."

"आणि भावोजी आधी गेले तर? साठीचे झालेत, गेल्या वर्षी छातीत दुखलं त्यांच्या."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग मला कळले, की कालपासून मी जे धैर्य समजत होतो, त्यात मी स्वतः हजर राहणार नव्हतो. म्हणून पहिल्या चार कलमांची प्रत सही करून दुपारी एक वाजता पत्नीबरोबर भावाकडे पाठवली. चार वाजता तिचा फोन आला.

"वाचलं त्यांनी. दुकानाबाहेर उभ्या उभ्या वाचलं."

"काय म्हणाला?"

"मुलीचं लग्न मोडलं त्या पत्राचं पान दोनदा वाचलं."

"अगं, पण म्हणाला काय?"

"निरीक्षकांकडे जबाब कधी आहे, विचारलं. शुक्रवारी अकराला, म्हटलं मी. मग ते आत गेले. अर्धा राहिलेला पंखा जोडायला बसलेत."

येतो म्हणाला नाही. शुक्रवारी माझा जबाब होईल. तो आला तर त्याच्यासमोर देईन, न आला तरी देईन. बाई म्हणतात की त्याचा परवाना परत मिळायला अडचण नाही. वयामुळे त्याला काम मिळेल का, ते त्यांना सांगता आले नाही.

ते चौथ्या कलमाचे पान भावाने शर्टाच्या खिशात ठेवले आहे, असे पत्नी म्हणाली. पुतणी त्याच्याजवळच राहते, पाच वाजता शाळेतून घरी येते. आता साडेचार झाले आहेत.

लिहून ठेवणाऱ्याची सही: (केली)

आमच्यासमोर सही केली, वाचून दाखवले, मान्य केले:
१. डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना (सही)
२. शिंपी, वरचा मजला (सही)

ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: चालू महिन्याची चौदा तारीख, बुधवार