इंदुताईंच्या घराचा खांब

१४ एप्रिल १९५७, मूल

मी घर तपासणार! हसूच येतं. इंदुताईंचं घर कय्यूमभाई घेताहेत, पण अट एकच— "तुमची ते बी.एस्सी. झालेली पोरगी ठीक हाय म्हणन, तरच घेतो." आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, तर लोकांना वाटतं मला भिंतीच्या आरपार दिसतं!

इंदुताई आईची माहेरची मैत्रीण. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या खेड्यात हायस्कूल कुठलं? मॅट्रिकपर्यंत मी याच घरी राहिले. त्यांचे यजमान, म्हणजे काका, गेल्यापासून त्या एकट्या. चिमूरला लेकीकडे जायचंय, पण "जावयाच्या दारी रिकाम्या हातानं नाई जाणार मी." घर विकलं तरच जातील.

१५ एप्रिल

भिंती ठीक. कौलं ठीक. मग मधल्या खोलीतला येनाच्या लाकडाचा खांब— सगळं छप्पर त्याच्यावर. हिरवा रंग, गुळगुळीत. खलबत्त्याच्या बत्त्यानं हलकेच वाजवत खाली आले. वर ठणठण. कमरेखाली आवाज बदलला— रिकाम्या मडक्यासारखा. स्वेटरची सुई टोचली. मुठीपर्यंत आत गेली!

रंगाचा पापुद्रा सोलला आणि बसूनच राहिले. आत लाकूड नव्हतंच. कागदाएवढ्या पातळ भिंती, मजल्यांवर मजले, वळणांचे रस्ते— शहरच! पांढऱ्या, आंधळ्या वाळव्या— आमच्याकडची उधई. एवढी गर्दी, पण एकीचा धक्का दुसरीला नाही. उजेड पडताच मोठ्या डोक्याच्या शिपाई वाळव्या भोकाच्या तोंडाशी येऊन उभ्या. डोळे नाहीत, दिवा नाही— कुणी शिकवलं यांना? आणि एवढ्या पोकळीवर अख्खं छप्पर अजून उभं कसं? हात जोडावेसे वाटले.

मागून इंदुताई— "काय दिसून राह्यलं वं, मास्तरीणबाई?"



१६ एप्रिल

खरं सांगितलं. कय्यूमभाईंची लहान लेकरं याच छपराखाली झोपणार होती. ते खांबापाशी उकिडवे बसले. "या अल्ला! काल मी यालेच टेकून चहा पेलो." मग इंदुताईंकडे न पाहताच गेले.

संध्याकाळी इंदुताईंनी माझ्यापुढे ताट सरकवलं आणि एवढंच म्हणाल्या— "तुह्या घरचा खांब याच झाडाचा हाय. तुह्या बापानं एकाच बैलबंडीत दोन्ही आणले. तो वाजवला का?"

उद्याच घरी निघते.

१८ एप्रिल, घरी

वाजवला. वरपासून खालपर्यंत भरीव! सुईचं टोक वाकलं. काजळीनं माखलेला, तेलकट, काळा खांब— मैत्रिणींना घरी आणायची लाज वाटायची ती याच्यामुळेच. किती वेळ हात ठेवून उभी होते. लोखंड जणू!

आईला विचारलं, झाड एक, मग असं काऊन?

तिनं चुलीत लाकूड सारलं. "त्याच्या बुडाशी चूल हाय ना. रोजच्या धुरात उधई कशी राहीन? इंदूकडं बी पयले तिथीच होती, खांबापाशी."

१९ एप्रिल

आठवलं. मी त्या घरी राहायला गेले, त्याच महिन्यात इंदुताईंनी चूल मागच्या पडवीत नेली होती. काका कुरकुरले तेव्हा म्हणाल्या होत्या— "धुरानं पोरीचे डोये चुरचुरतात. अभ्यास कसा करन ते?"