भेडाघाटचा नकाशा

१० फेब्रु. ७३, शनि. जबलपूर

नागपूरहून इथवर येताना अंग आंबून गेलं. धर्मशाळेत सरांनी जोड्या लावल्या. माझा जोडीदार वासुदेव. दुसरं कोणी उरलंच नव्हतं जणू. दोघांत दिशा वाचायचा एकच कंपास. तो सरांनी त्याच्या हातात दिला, वही माझ्या. म्हणाले, "तुझं अक्षर सुरेख आहे." म्हणजे खडकाचे थर तो मोजणार आणि मी कारकुनी करणार. जिऑलॉजी डिपार्टमेंटात डेमॉन्स्ट्रेटरची एकच जागा, आणि ती आमच्यापैकी कोणाला हे या सहलीवरून ठरणार. बाबा तर गावी, कुहीत, सांगून मोकळे झालेत, पोरगा कॉलेजात शिकवणार म्हणून.

११ रवि. भेडाघाट

धुवांधारला जत्रा. लोक फोटो काढतात, आम्ही दगड ठोकतो. नर्मदेच्या दोन्ही बाजूंना पांढरे कडे, मधूनच काळ्या खडकाच्या पट्ट्या. सुंदर आहे, मान्य. पण याच्याबरोबर बघायचं म्हणजे...

दिवसभर कड्यावरची पायवाट. वा. पुढे, मी मागे. "लिही गा, काहून थांबला?" दर दहा पावलांवर हेच.

दुपारी लक्षात आलं. याचा हातोडा कमरेच्या पट्ट्यात खोचलेला, आणि कंपास पोटाशी धरून वाचून राहिलाय. लोखंडाजवळ सुई सरळ राहील कशी? फर्स्ट इयरच्या पोरांनाही ठाऊक असतं. मी "अरे वासुदेव..." म्हणेपर्यंत तो उखडला, "तू मले शिकवू नको. तू फक्त लिही."

लिहिलं.

१२ सोम.

होडीने पलीकडच्या काठावर. नावाडी कड्यांत हत्ती दाखवत होता, घोडा दाखवत होता. वा.ला सगळे दिसले. हातोडा तिथेच. मी एकेक चुकीचा आकडा नीट उतरवून घेतला. मजा वाटली, खोटं कशाला लिहू.

संध्याकाळी वहीवर सरांची सही. "वाचन कोणाचं?" वा. छाती काढून, "माझं, सर." बुड लेका, आपल्याच हाताने बुड.

१६ शुक्र. नागपूर

वा. नकाशा काढायला बसलाय. अलीकडचे थर पलीकडच्यांशी जुळेनात. एकच काळी पट्टी नदीत शिरते एका दिशेने, निघते भलतीकडे. पलीकडे त्याचं तोंड उलट होतं, म्हणजे हातोड्याची ओढही उलट. खोडून खोडून कागद फाटायला आला. मी समोर बसून चहा प्यायलो, सावकाश.

१८ रवि.

वा. प्रताप नगरला माझ्या खोलीवर आला. पहिल्यांदाच. आत आलाच नाही, दारातूनच म्हणाला, "मी सरांले सांगून आलो. मी बरोबरच वाचलं होतं, तूच लिहितांनी घोळ केला." आणि गेला. उद्या अकराला सरांनी वहीसकट बोलावलंय.

हातोड्याचं सांगावं, तर सर एकच विचारतील, तुला कधी कळलं? नदी ओलांडायच्या आधी कळलं होतं. न सांगावं, तर साधे आकडे उतरवता येत नाहीत असा मी. दोन्हीकडून जागा गेली. हलकटाने बरोबर कोंडलं. दाराची अर्धी कडी मीच लावली होती, तेही आहेच.

आजच सुचलं, असं सांगता येईल. खपेल कदाचित. खरं बोलायचं तर म्हणावं लागेल, सर, हा बुडावा म्हणून मी आठवडाभर गप्प बसलो. हे वाक्य खोलीत एकट्याने मोठ्याने म्हणून पाहिलं. निम्म्यातच उठून दार लावून आलो.